एरर गिळू नका, तिचं नाव लिहा



क्रांती चौकातल्या माझ्या दुकानाची विक्री मोजायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. एरर आली की ती ओळ सोडून पुढे जायचं, असं त्यात ठेवलं. महिनाअखेरीस गल्ला आणि हिशोब जुळेना! कारण काय, तर '१,२५०' मधला स्वल्पविराम. फ्लोट फंक्शनला देवनागरी आकडे चालतात, पण स्वल्पविराम दिसला की ते व्हॅल्यूएरर देतं. म्हणजे हजारावरची बिलंच गायब.

चूक माझीच. पण एक मत ठामपणे मांडतो. कोणतं फंक्शन कोणती एरर देतं, हे त्याच्या माहितीतच लिहिलेलं हवं. जावात पार्सइंटखाली 'थ्रोज' असा रकाना आहे, त्यात नंबरफॉरमॅटएक्सेप्शन स्पष्ट दिलंय. पायथनमध्ये सगळ्या एररची यादी एका पानावर छान मिळते, पण प्रत्येक फंक्शनखाली असा ठरलेला रकाना नसतो.

कोणी म्हणेल, यादी फार लांबेल. अहो, सगळ्या नकोत, नेहमीच्या दोन-तीन लिहा! २०१२ मध्ये पायथन ३.३ ने फाईलच्या चुकांना वेगळी नावं दिली: फाईल सापडली नाही तर फाईलनॉटफाउंडएरर, परवानगी नसेल तर परमिशनएरर. नाव वेगळं, म्हणून उपायही वेगळा करता येतो.

तोवर आपण काय करायचं? उधारीची वही ठेवतो तशी एररची ठेवा. तारीख, एररचं नाव, कोणत्या ओळीत आली, एवढं पुरे. उधारी लिहिलीच नाही, तर वसूल कशी होणार?