बरगडी नाही, घाई रांगडी

चंद्रपूरच्या मिटिंगीत आपलाच एक शिकलेला पोरगा बोलला, “डुकराच्या बरगड्या? लाकूड चावल्यासारखं लागते. आपलं खाणंच रांगडं.” सगळे हसले. मी मिलमधला माणूस, आग ओळखतो. मी नाही हसलो.

रांगडी असते ती घाई. जाळावर धरलं की मांस आवळते, अंगातलं पाणी फेकून देते. माही माय गडचिरोलीकडची. पाळलेल्या डुकराच्या बरगड्यांना आदल्या राती मीठ चोळायची. निखारे एका अंगाला, बरगड्या दुसऱ्या अंगाला, मधात पाण्याचं भांडं, वरून झाकण. रंग चढला की पळसाच्या ओल्या पानात गुंडाळायची. चार-पाच तास मंद धग. हाडाजवळचा चिवटपणा विरघळायचा, मांस ओलं राहायचं.

हे ज्ञान नाही? शहरातलं हॉटेल हेच ‘स्मोक्ड रिब्स’ म्हणून विकते, तवा बरी चव कळते तुमाले!

1927 साली महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हटलं. मायच्या हुन्नराची लाज धरा, असं नाही म्हटलं.

तास-तास भाषणं देता. एकदा निखाऱ्याजवळ बसा. झाकण उघडू नका.