खुर्च्या वाढल्या, ग्रंथपाल कुठे आहेत?

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं नूतनीकरण ठरलं की आराखड्यात काय असतं? खुर्च्या, प्लग पॉइंट, वायफाय. निवृत्त झालेल्या ग्रंथपालाचं पद त्यात नसतं. ते रिकामं राहतं, नाहीतर कंत्राटावर भरलं जातं.

मग ‘कोणी मागत नाही’ म्हणून जुनी पुस्तकं गोदामात जातात. मागणार कशी? ती आहेत हे सांगणारा माणूसच गेलेला असतो.

‘सगळं ऑनलाइन सापडतं की’, असं म्हणणाऱ्यांना एका सॉफ्टवेअरवाल्याचं उत्तर: सर्चला तेच सापडतं, जे कोणीतरी नीट नोंदवलेलं असतं. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये दिसतं, हातात येत नाही.

१९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने गणित शिकवणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांना ग्रंथपाल नेमलं. त्या एका नेमणुकीतून ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम (१९३१) आणि कोलन वर्गीकरण (१९३३) आलं. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो, पाचवा सांगतो की ग्रंथालय वाढत राहतं. दोन्ही कामं माणसांची आहेत, फर्निचरची नाहीत.

अभ्यासाला शांत जागा हवीच. पण नुसती खुर्ची पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतही महिन्याच्या भाड्याने मिळते. विद्यापीठ तेवढंच देणार असेल, तर दारावरची ‘ग्रंथालय’ ही पाटी कशाला?

पुढचा आराखडा समोर आला की एकच विचारा: एवढ्या चौरस फुटांमागे कायमची पदं किती?