पालकसभा नाही, मुख्याध्यापिकाच घरी येतात : चीनमधल्या एका बोर्डिंग शाळेची गोष्ट आपल्याला काय सांगते?

चीनच्या युनान प्रांतात ह्वापिंग नावाचा डोंगराळ तालुका आहे. इथल्या मुलींच्या सरकारी हायस्कूलमध्ये पालकसभा घेतली जात नाही. त्याऐवजी मुख्याध्यापिका स्वतःच मुलींच्या घरी जातात.

त्यांचं नाव झांग ग्वेमेई. २००८ मध्ये त्यांनी ही मोफत निवासी शाळा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी सुट्ट्यांमध्ये त्या वाड्यावस्त्यांवर फिरल्या. चिनी माध्यमांच्या माहितीनुसार, त्या हजाराहून जास्त घरांत गेल्या आणि त्यांचा प्रवास एक लाख किलोमीटरच्या पुढे गेला. शाळेतून दोन हजारांहून जास्त मुली विद्यापीठात पोहोचल्या. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्या हस्ते झांग बाईंना '१ जुलै पदक' मिळालं.

पण मुळात मुख्याध्यापिकेला घरोघरी का फिरावं लागतं?

मुलं वसतिगृहात, आईवडील शहरात

२००१ नंतर चीनने खेड्यापाड्यांतल्या छोट्या शाळा बंद करून त्या मोठ्या गावांतल्या शाळांमध्ये विलीन केल्या. शाळा लांब गेली, त्यामुळे लाखो मुलं लहान वयातच वसतिगृहात राहायला लागली. २०१२ मध्ये सरकारने या विलीनीकरणाला लगाम घातला, पण तोवर हजारो गावांतली शाळा गेली होती.

त्याच काळात आईवडील कामासाठी शहरात जात होते. चीनमध्ये 'हुकोऊ' नावाची नोंदणी पद्धत आहे. तुमची नोंद गावची असेल, तर शहरातल्या सरकारी शाळेत मुलाला प्रवेश मिळणं अवघड. म्हणून मुलं गावीच राहतात. २०१३ च्या एका अहवालात अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सुमारे ६ कोटी १० लाख होती. २०१६ मध्ये सरकारी आकडा थेट ९० लाखांवर आला. याचं मोठं कारण म्हणजे व्याख्याच बदलली. आधी दोघांपैकी एक पालक बाहेर असला तरी मूल मोजलं जायचं. नव्या व्याख्येत दोघेही बाहेर हवेत, किंवा घरी असलेला पालक सांभाळ करू न शकणारा हवा.

अशा घरात शाळेची चिठ्ठी वाचणार कोण? बऱ्याचदा घरी फक्त आजी-आजोबा असतात. शिवाय डोंगरातून शाळेपर्यंत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही जातं.

खरी अडचण नववीनंतर

चीनमध्ये नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत आहे. हायस्कूल त्यात येत नाही. फी भरावी लागते आणि गरीब घरात तिथेच प्रश्न उभा राहतो : पैसे मुलावर खर्च करायचे की मुलीवर?

आधीच्या शाळेत शिकवताना वर्गातल्या मुली अचानक गायब होतात, हे झांग बाईंच्या लक्षात आलं. घरी जाऊन पाहिलं तर कुणाचं लग्न ठरलेलं असायचं, तर कुणाला कामाला लावलेलं असायचं. अशाच एका मुलीला परत आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण घरच्यांच्या विरोधापुढे हात टेकावे लागले. ही गोष्ट त्यांनी मुलाखतींत सांगितली आहे.

म्हणजे ही घरभेट नुसती विचारपूस नसते. घरात कमावतं कोण आहे, सुट्टीत मुलीला अभ्यासाला वेळ मिळतो का, तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत का, हे तिथेच कळतं. शिकवणी, राहणं मोफत आहे असं सांगितल्यावर घरच्यांची एक मोठी सबबही संपते.

या नात्याची दुसरी बाजू

घर आणि शाळा यांच्यात वाद झाला की झांग बाई मुलीच्या बाजूने उभ्या राहतात. त्यामुळे त्यांचा शब्दही मोठा होतो. २०२० मध्ये एक माजी विद्यार्थिनी देणगी घेऊन आली. ती गृहिणी आहे हे कळल्यावर बाईंनी देणगी नाकारली. यावर चिनी सोशल मीडियावर मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं होतं, एवढ्या कष्टाने शिकवलेली मुलगी पुन्हा कुणावर अवलंबून राहिली तर बाईंना वाईट वाटणारच. इतरांनी विचारलं, शिकून पुढे काय करायचं हे त्या मुलीने ठरवायचं की शाळेने? पहाटे साडेपाचला उठवून मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या शाळेच्या दिनक्रमावरही टीका झाली आहे.

बाईंनंतर काय?

१ जानेवारी २०२२ पासून चीनमध्ये कौटुंबिक शिक्षणाचा कायदा लागू आहे. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी पालकांची, आणि शाळेने त्यांना मार्गदर्शन करायचं, असं तो सांगतो. पण शेकडो किलोमीटर दूर कारखान्यात राबणारा बाप ही जबाबदारी कशी पार पाडणार? आणि शाळेतून त्याच्या गावी जाणार कोण?

झांग बाईंचा जन्म १९५७ चा. त्यांना अनेक आजार आहेत. आज त्यांच्यावर सिनेमा आणि मालिकाही निघाल्या आहेत. मात्र डोंगरातल्या बाकीच्या निवासी शाळांना घरभेटींसाठी वेगळी माणसं, वेळ आणि प्रवासखर्च मिळाला नाही, तर तिथल्या मुलींचं शिक्षण पुन्हा एखादी झांग बाई भेटते का, यावरच अवलंबून राहील.