गाळ काढला, पण टाकला कुठे?
चिपळूणच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर कपाटांच्या खणांतून वाशिष्ठी नदीचा चिखल अक्षरशः खरवडून काढावा लागला. पुढे नदीतला गाळ उपसायला सुरुवात झाली, हे चांगलंच झालं. पण काठावर रचलेले ढीग पावसाळ्याआधी हलवले नाहीत, तर गाळ पुन्हा पात्रातच जाणार. त्यात वरून कोयनेच्या वीजघरांचं पाणी आणि खालून दाभोळ खाडीची भरती. अतिवृष्टीत भरती आली की पुराला वाटच उरत नाही. म्हणून गाळ किती काढला याबरोबर तो कुठे टाकला, हेही प्रशासनाने दरवर्षी मे महिन्यात जाहीर करावं. आणि पाणी वाढू लागलं की इशाऱ्याचा भोंगा मध्यरात्रीही वाजलाच पाहिजे. माणसं आणि माल माळ्यावर चढवायला दोन तास तरी हवेत.