सगळ्यात लहान वचन

मैत्रिणींनो, पाळकाशी लग्न केलं की अंगावर सोनं कमी येतं, पण कमिट्या भरपूर येतात. महिला मंडळ, शब्बाथ शाळा, सुगीच्या सणाची सजावट, नाताळच्या करंज्या! या सगळ्यावर कडी म्हणजे तरुण संघ. "दोन शनिवार तेवढे सांभाळ, मग कुणीतरी मिळेल," असं आमच्या घरच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, त्याला आता सहा वर्षं झाली. ते 'कुणीतरी' अजून वाटेतच आहे.

सकाळी शाळेत अर्धा दिवस शिकवायचं आणि शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस पोरांना घरच्या पडवीत बसवायचं. वय सोळा ते बावीस. या वयाच्या मुलांना देवाविषयी फार प्रश्न असतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझा अनुभव असा, की त्यांना पहिला प्रश्न 'बाई, आज चहाबरोबर काय?' हाच असतो. साखरेचा डबा शनिवारी रात्री वाजवला तर नुसता खुळखुळतो.

आमच्या मंडळीतला मोठा वाद म्हणाल तर तो शास्त्राचा नाही, वाद्यांचा आहे. एका बाजूला पेटी-तबला, दुसऱ्या बाजूला गिटार. आमचे पेटीवाले आजोबा मंडळीतले वडीलधारे. त्यांच्या मते गिटार हे सिनेमाचं वाद्य. आणि आमचा गिटारवाला, एकोणीस वर्षांचा, केस कपाळावर. त्याच्या मते पेटी म्हणजे झोपेचं औषध. एकदा मी दोघांनाही सांगितलं, "अहो, पेटीसुद्धा परदेशातूनच आली की! आपल्या नगर जिल्ह्यात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. सुरुवातीला आपली माणसं इंग्रजी चालींवरच भाषांतरित गीतं म्हणत. मग नारायण वामन टिळकांसारख्यांनी अभंग आणले, भजन आणलं, कीर्तन आणलं. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल!" दोघांनीही ऐकून घेतलं. दोघांचंही मत बदललं नाही. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आजोबांच्या तोंडी अजून नगरच. त्यांचं कुठलंच मत लवकर बदलत नाही!)

आमच्याकडे हजेरी घ्यायची रीत अशी, की नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, एक वचन पाठ म्हणायचं. पोरं महाहुशार. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन अवघ्या दोन शब्दांचं आहे. येशू रडतो, एवढंच त्यात आहे. मुलांच्या हिशेबी सगळ्या पवित्र शास्त्रात याहून लहान वचन नाही. गिटारवाला ते दर शनिवारी सर्वांआधी म्हणून मोकळा व्हायचा, आणि मागून सगळ्यांचा हशा. शेवटी मी चिडून जाहीर केलं, "हे वचन आजपासून बंद!"

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याची आई आजारी पडली. दुखणं मोठं होतं. मंडळीनं साखळी प्रार्थना ठेवली, रात्रीच्या बाराच्या तासालाही कुणी ना कुणी जागं असायचं. आमच्या पोरांनीही स्वतःहून तास वाटून घेतले. चहा-बिस्किटं न मागता ती गुडघे टेकून बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दिवाळीच्या आधी आई गेली.

दफनविधीनंतर गिटारवाला देवळात आला नाही. एक रविवार, दोन रविवार, पाच रविवार. गिटार कोपऱ्यात खोळीत उभी. उपासना सुटल्यावर फाटकाशी बायका कुजबुजायला लागल्या, "पोरगं भरकटलं. पाळकीणबाई, तुम्ही जाऊन समजवा."

मी गेले. रीतसर तयारी करून गेले. चार वचनं कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलेली. घरात त्याची धाकटी बहीण, आठवीतली, पोळ्या लाटत होती. प्रत्येक पोळीला वेगळ्या देशाचा नकाशा. वडील कामावर. हा खाटेवर बसलेला.

मी पहिलं वचन काढलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, आपण सगळ्यांनी मागितलं होतं ना? रात्री जागून मागितलं होतं. मग?"

मी म्हणाले, "देवाची योजना आपल्याला कळत नाही रे. तिला आता तिथे काही दुखत नसेल..."

"तिथलं नका सांगू," तो म्हणाला. उठला आणि आत गेला. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. मी उरलेली तीन वचनं पर्समध्ये तशीच घेऊन घरी आले.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे स्वतः जातील, चार समजुतीच्या गोष्टी सांगतील. हे ताटावरून हात धुऊन आले आणि म्हणाले, "टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मध्ये पाच वर्षं गेली. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली, आणि आपण या पोराला पाच रविवार द्यायला तयार नाही!"

'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. किती आढेवेढे, किती रुसवे, किती रडणं, आणि बाई ते सगळं लपवत नाहीत, हसत हसत सांगतात. आम्ही मंडळीतल्या बायका त्यांचं नाव अभिमानानं घेतो, पण ती मधली पाच वर्षं सोयीस्करपणे विसरतो.

झोप येईना. उठून योहानाचा अकरावा अध्याय काढला, तोच, ज्यातलं वचन मी बंद केलं होतं. बेथानीच्या घरातला भाऊ लाजर मेलेला. दोघी बहिणी मागे राहिलेल्या. येशू येतो तेव्हा मार्था, तीच ती कायम स्वयंपाकघरात राबणारी, पुढे होऊन भेटते आणि तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मग मरीया येते. तीसुद्धा तेच म्हणते जे मार्था म्हणाली होती, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. पण ती रडत असते. तिला तो उपदेश करत नाही. लाजराला कुठे ठेवलंय एवढं विचारतो, आणि रडतो. पुढच्या घटकेला आपण लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक असूनसुद्धा!

मैत्रिणींनो, इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्याच्याजवळ खरं उत्तर होतं, तो आधी रडला. आणि मी? माझ्याजवळ उत्तर नव्हतं, तरी कागदावर चार लिहून नेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा गेले. या वेळी पर्समध्ये कागद नव्हता, पिशवीत मेथीची जुडी होती. बहिणीला म्हणाले, "चल, कणीक कशी तिंबायची ते दाखवते. पाणी एकदम ओतायचं नाही, हाताला लागेल तसं घ्यायचं. मग अर्धा तास झाकून ठेवायची." तो मुकाट्यानं आला आणि खाली बसून मेथी निवडायला लागला. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग एकदम म्हणाला, "आई कणकेत तेल शेवटी घालायची." एवढं बोलून त्याचा बांध फुटला. बहीणही रडायला लागली. माझंही काही निराळं झालं नाही. कणकेत मीठ घातलं की नाही हे कुणालाच आठवेना, पण पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या.

निघताना दारापर्यंत आला. "बाई, ते लहान वचन तुम्ही बंद केलंत," म्हणाला.

"आजपासून चालू," मी म्हणाले.

यातून मी जे शिकले ते माझ्यासारख्या घाईच्या बायकांसाठी लिहून ठेवते. दुःखाच्या घरी जाताना, मग ते घर कुठल्याही धर्माचं असो, 'देवाची इच्छा', 'सुटली बिचारी' ही वाक्यं उंबऱ्याबाहेर ठेवावीत. 'काही लागलं तर सांगा' असंही म्हणू नये, कारण कुणी सांगत नाही. त्यापेक्षा दळण आणून द्यावं, धाकट्याचा अभ्यास घ्यावा, पाण्याचा हंडा भरावा. डबा द्याल तर साध्या डब्यात द्या, परत करायची काळजी त्यांना नको. पहिल्या आठवड्यात सगळेच जातात, आपण तिसऱ्या महिन्यात जावं. तेव्हा घर खरं रिकामं झालेलं असतं. आणि गेलेल्या माणसाचं नाव आपणहून काढावं. घरातल्यांना ते ऐकायचं असतं.

गिटारवाल्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर तो अजून रविवारी येत नाही. शनिवारी मात्र येतो. पडवीच्या शेवटच्या पायरीवर बसतो, प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवतो (हे मला कसं कळलं ते विचारू नका!) आणि चहा पिऊन जातो. हजेरीला त्याचं नाव आलं की मी त्याच्याकडे पाहते. तो ते दोन शब्द म्हणतो. आता हसत कुणी नाही.

मी त्याला अजून 'देवळात ये' म्हटलेलं नाही. जीभ फार शिवशिवते, पण पाच वर्षांचा हिशेब मनाशी धरलाय.

परवा मात्र गंमत झाली. उपासना संपल्यावर पेटीवाले आजोबा काठी टेकत माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता पोरांची काहीतरी तक्रार. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "पाळकीणबाई, त्या पोराला विचारा, गिटारला कुठली पट्टी सोयीची पडते? माझी जन्माची काळी चार आहे. पण त्याला पांढरी पाच सोपी जात असेल, तर मी घरी बसून सराव करून ठेवतो."