आभासी गावाची मालकी कोणाची?

कार्पेथियन पर्वतराजीच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या रुसिन लोकांना स्वतःचे स्थिर राज्य कधीच लाभले नाही. आज हा समाज स्लोव्हाकिया, पोलंड, युक्रेन, सर्बिया आदी देशांत विखुरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोटासाठी अमेरिकेस गेलेले त्यांचे बांधव पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींत व पोलादाच्या कारखान्यांत राबले, आणि तेथेच स्थायिक झाले. अशा समाजाचे जुने गाव संगणकीय खेळाच्या आभासी जगात पुन्हा वसवावे, ही कल्पना वरकरणी पोरखेळ वाटेल. तथापि तिचा विचार गांभीर्यानेच व्हावयास हवा.

कारण ही गावे केवळ काळाच्या ओघात ओसाड पडलेली नाहीत. 1947 साली पोलंडच्या राजवटीने 'व्हिस्तुला' मोहीम राबवून आग्नेय भागातील सुमारे 1 लाख 40 हजार युक्रेनियन व लेम्को रहिवासी देशाच्या पश्चिमेकडील व उत्तरेकडील प्रदेशात हलविले. लेम्को ही रुसिनांचीच एक शाखा मानली जाते. पुढे 1980 च्या दशकात पूर्व स्लोव्हाकियात पिण्याच्या पाण्यासाठी स्तारिना धरण झाले आणि त्यापायी रुसिनांची सात गावे उठली. शहरांची तहान भागली. गावांचा हिशेब मात्र अपुराच राहिला.

उरलेल्या वारशाचे जतन झालेच नाही, असे नव्हे. स्वीदनीक, सानोक व उझहोरोद येथील खुल्या संग्रहालयांत जुनी घरे उभी आहेत. स्लोव्हाकियातील आठ लाकडी चर्च 2008 मध्ये, तर पोलंड व युक्रेनमधील सोळा 2013 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. परंतु संग्रहालयात आणलेले घर आपल्या शेजाराला मुकते. राहती खोली, खळे आणि गोठा एकाच लांब छपराखाली सामावणारी 'खिझा', जवळचा ओढा, टेकाडावरील चर्च यांचे परस्परांशी असलेले नाते म्हणजेच गाव. हे नाते आभासी जगात अल्प खर्चात पुन्हा जुळविता येते, आणि पिट्सबर्गमधल्या पणतूलाही त्या वाटेने फिरता येते. हा लाभ लहान नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. येथे भांडवल थोडे लागते, श्रम फार. आणि श्रम समाजाचे असले तरी जमीन कंपनीची असते. 2003 मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात स्वतंत्र भूखंडासाठी दरमहा आकार भरावा लागतो. तो थकला की भूखंड जातो. गुगलने 2008 च्या जुलैत उघडलेले 'लाइव्हली' हे आभासी जग त्याच वर्षाच्या अखेरीस बंदही केले. ज्यांची गावे एकदा दुसऱ्याच्या हुकमाने उठली, त्यांनी आपली स्मृती पुन्हा दुसऱ्याच्या जागेत भाडेकरू म्हणून ठेवावी काय?

याहून अवघड प्रश्न भाषेचा आहे. स्लोव्हाकियात रुसिन भाषेचे प्रमाणीकरण 1995 साली झाले. तेथील 2011 च्या जनगणनेत रुसिन ही मातृभाषा सांगणारे सुमारे 55 हजार होते. 2021 मध्ये ते सुमारे 38 हजारांवर आले. याउलट 2021 मध्ये दुसरे राष्ट्रीयत्व नोंदविण्याची मुभा मिळताच, पहिले वा दुसरे राष्ट्रीयत्व रुसिन असल्याचे सुमारे 63 हजारांनी सांगितले. अभिमान बाळगणारे अधिक आणि भाषा सांगणारे कमी, असा हा ताळेबंद आहे. ज्या आभासी गावात सारे संभाषण इंग्रजीतच चालेल, ते या तुटीत भरच घालील.

म्हणून अशा उपक्रमाचे मोल तयार झालेल्या चित्रमय गावात नाही, तर ते उभारताना होणाऱ्या कामात आहे. वृद्धांकडून घरांची मापे, अवजारांची नावे, शेताशिवारांची नावे आणि सणांचे क्रम टिपून घेणारे तरुण हीच त्याची खरी मिळकत. ही टिपणे, आराखडे व ध्वनिमुद्रणे खेळाच्या बाहेर, समाजाच्या स्वाधीन आणि सर्वांस खुली राहिली पाहिजेत. तसे झाल्यास एक आभासी जग बंद पडले, तरी दुसऱ्यात तेच गाव पुन्हा वसविता येईल. तसे न झाल्यास मात्र कंपनीच्या एका निर्णयासरशी रुसिनांचे आणखी एक गाव उठेल.