वैद्याचे अंगण आणि उद्यानरचनाकार

गेल्या काही वर्षांत नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत आपल्या व्यवसायबंधूंची नवी घरे, चिकित्सालये आणि औषधालये उभी राहिली. घराचा आराखडा वास्तुविशारद करतो, अंतर्गत सजावटीसाठी निराळा तज्ज्ञ येतो आणि आता अंगणासाठी 'लँडस्केप डिझायनर', म्हणजे उद्यानरचनाकार, बोलाविण्याची पद्धतही रूढ होऊ लागली आहे. नांदेड येथे २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते, घाट व उद्याने यांची जी कामे झाली, त्यांनंतर मोकळी जागासुद्धा विचारपूर्वक आखावी लागते ही जाणीव सर्वसामान्यांतही वाढली. ही गोष्ट स्वागतार्हच होय.

या विषयावर आपल्यात दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, वनस्पती हा तर आपलाच विषय. द्रव्यगुण शिकलेल्या माणसाने बाग आखण्यासाठी दुसऱ्यास पैसे का मोजावेत? दुसरे असे की, एकदा पैसे दिले की आपले काम संपले. तो लावील ते झाड आणि तो आखील ती वाट. या दोन्ही मतांप्रमाणे वागून आम्ही दोन्ही प्रकारचे नुकसान सोसले आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पहिली चूक : सर्व काही आपणच जाणतो

नांदेडला घर व चिकित्सालय एकत्र बांधले तेव्हा अंगण आम्ही स्वतःच लावले. उंबर हवाच, म्हणून तो पाण्याच्या जमिनीखालील टाकीपासून सहा फुटांवर लावला. कडुनिंब कुंपणाच्या भिंतीलगत घेतला. आठव्या वर्षी टाकीला तडा गेला आणि कुंपणाची भिंत रस्त्याकडे झुकली. उंबराचे रस, वीर्य, विपाक आम्हांस मुखोद्गत होते. त्याची मुळे पाण्याच्या शोधात कोठवर जातात, याचा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता.

आपल्या भागातील काळी माती ही साधी गोष्ट नव्हे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यालगत रोज पाणी दिले तर एका बाजूची माती फुगते, दुसरीकडे मोठे झाड ओल शोषून घेते आणि माती आकसते. मधल्या मध्ये भिंतीस भेगा पडतात. जमिनीचा उतार कोणीकडे ठेवावा, पावसाचे पाणी जोत्यापासून कसे दूर न्यावे, कोणते झाड भिंतीपासून किती अंतरावर लावावे, मे महिन्यातील पश्चिमेचे ऊन कोणत्या झाडाने अडवावे, हे सर्व निराळे शास्त्र आहे. आपल्या अभ्यासक्रमात ते शिकविले जात नाही.

आपल्या परंपरेनेही ते निराळेच मानले होते. सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्याव्यात याचा विचार आहे, तर चरकांच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण देशांचा. परंतु झाडे लावणे, जोपासणे व त्यांचे रोग दूर करणे यांसाठी वृक्षायुर्वेद हे स्वतंत्र शास्त्र होते. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत त्यावर वेगळा अध्याय आहे आणि भूमिगत जलाचा शोध घेण्यावर आणखी एक. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथाची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील पोथी १९९६ मध्ये सिकंदराबादहून इंग्रजी अनुवादासह प्रकाशित झाली. तो ग्रंथ चाळला तरी ध्यानात येते की, बाग आखणे हे चिकित्सकाने फावल्या वेळात उरकण्याचे काम नव्हते. तेव्हा त्या विषयातील जाणकारास बोलाविण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

दुसरी चूक : सर्व काही त्याच्यावर सोपविणे

पहिल्या अनुभवाने शहाणे होऊन आम्ही एका उद्यानरचनाकारास बोलाविले. काम नीटनेटके झाले. उतार सुधारला, पाणी वाहून जाऊ लागले, दर्शनी बाजूस हिरवळ आली आणि फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंस उंच, सरळ, हिरव्यागार झाडांची रांग उभी राहिली. देयकावर लिहिले होते : 'अशोक'. आम्ही ते पाहिले आणि हसून सोडून दिले. ही झाडे कोणती, हे आम्हांस ठाऊक होते. आपल्याला ठाऊक आहे एवढे पुरे, असे त्या वेळी वाटले.

तीन वर्षांनी मुखेड तालुक्यातील एक भगिनी चिकित्सालयात आल्या. रक्तप्रदराचा त्रास जुना होता आणि चेहरा पांढुरका पडला होता. तपासणीत हिमोग्लोबिन ७ च्याही खाली आढळले. "इतके दिवस काय घेत होता ?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अशोकाच्या सालीचा काढा, डॉक्टरसाहेब. तुमच्याच दारातल्या झाडाची साल नेली होती मागच्या बारीला. तुमच्या दारातलं झाड हाय, म्हणून तर भरवसा ठेवला."

त्यांस त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. वेळेवर उपचार मिळाले आणि त्या बऱ्या झाल्या. खरा अशोक असता तरी निदानाविना घेतलेल्या काढ्याने काम भागले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते तीन महिने ज्या विश्वासावर वाया गेले, तो विश्वास आमच्या अंगणाने दिला होता.

वाचकांस हा भेद सांगण्याची आवश्यकता नाही; तथापि अंगणाच्या संदर्भात तो पुन्हा मांडणे योग्य ठरेल. अशोकारिष्टातील अशोक म्हणजे सीता अशोक, सराका असोका. त्याचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, फुले केशरी-तांबडी आणि जुन्या फांद्यांवरही गुच्छांनी येणारी. बंगल्यांसमोर रांगेने लावला जातो तो आसोपालव, पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. त्याचे पान साधे, लांबट व लहरदार कडांचे, तर फुले फिकट हिरवी. पहिला वृक्ष निसर्गात विरळ होत चालला असून धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे. दुसरा सर्वत्र उपलब्ध आहे, आणि त्याची साल पहिल्याच्या नावाने बाजारात येते. औषधनिर्मात्यांस ही भेसळ चांगली परिचित आहे. जनतेच्या मनात दुसऱ्याच झाडाने 'अशोक' हे नाव बळकाविले आहे, म्हणूनही ती सहज खपते. ते नाव पक्के करण्यास आमचे अंगणही कारणीभूत झाले, हे आम्हांस मान्य केले पाहिजे.

हा धोका एकाच झाडापुरता नाही. गुळवेलीच्या मागणीने २०२० नंतर उच्चांक गाठला, तेव्हा घरोघरी वेली लागल्या. पुढे २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाला स्पष्ट करावे लागले की, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा या वेली भिन्न आहेत आणि पहिलीच्या जागी दुसरी वापरू नये. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, कमी पाण्यात फुलते म्हणून रचनाकारांस प्रिय आहे; परंतु तिच्या बिया हृदयास घातक आहेत आणि चिकित्सालयाच्या अंगणात रुग्णांची मुले खेळतात. झटपट हिरवेपणासाठी लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातमध्ये २०२३ साली बंदी घालण्यात आली. रचनाकार झाडाचा आकार, रंग व वाढ पाहतो. तो त्याच्या विद्येचा भाग आहे. त्या झाडाचे नाव, गुण आणि विषार पाहणे हा आपल्या विद्येचा भाग आहे, आणि तो आपण त्याच्यावर ढकलू शकत नाही.

पाण्याचा हिशेब

लातूरकरांस पाण्याविषयी उपदेश करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. उन्हाळ्यात हिरवळ टवटवीत ठेवण्यास दर चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या हिरवळीस ५०० लिटर. अशा एक हजार हिरवळी एका दिवसात ती संपूर्ण रेल्वेगाडी पिऊन टाकतील.

आमच्या एका लातूरच्या वैद्यमित्रांच्या घरी त्या वर्षी हौसेने केलेली हिरवळ मार्च अखेरीस जळून गेली. कुंपणालगतची निर्गुंडी व अडुळसा मात्र धुण्याभांड्याच्या पाण्यावर तगून राहिले आणि शेळ्यांनीही त्यांस तोंड लावले नाही. त्यानंतर त्यांनी हिरवळीच्या जागी दूर्वा लावल्या. उन्हाळ्यात त्या पिवळ्या पडतात व पहिल्या पावसासरशी पुन्हा हिरव्या होतात. त्यांचे त्यास काही वाटत नाही.

याच ठिकाणी चांगल्या रचनाकाराचे मोल कळते. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले तर ७० हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६ हजार लिटर उरते. ते पाणी गाळून विंधनविहिरीजवळ जिरविणे, मोरीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फिरविणे, सिमेंटच्या फरशीऐवजी पाणी मुरू देणारी वाट करणे, ही त्याची कामे आहेत. जो रचनाकार पहिल्या भेटीत पाणी कोठून येते हे न विचारता फुलांच्या रंगाविषयी बोलू लागतो, तो आपल्या कामाचा नव्हे.

मानधनाविषयी

आपल्या व्यवसायातील एक जुने दुखणे येथे आठवते. तपासणीचे शुल्क घेण्याचा संकोच आणि औषधातून भरपाई, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पाळली. त्यामुळे रुग्णास वाटू लागले की वैद्याची बुद्धी फुकट असून पुड्यांस किंमत आहे. शिवाय पुड्या वाढविण्याचा मोहही होऊ लागला. 'आराखडा मोफत' असे सांगणारा रचनाकार याच वाटेने जातो. त्याची मिळकत रोपांवर आणि हिरवळीच्या फुटावर असते. साहजिकच रोपे दाट होतात आणि हिरवळ रुंदावते. म्हणून आराखड्याचे मानधन स्वतंत्रपणे व समाधानाने द्यावे आणि रोपे आपण स्वतः ओळखून घ्यावीत. जो मान आपण रुग्णांकडून अपेक्षितो, तो दुसऱ्याच्या विद्येस देताना आपला हात आखडू नये.

नोंदणीचाही विचार करावा. आपली नोंदणी १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने होते, वास्तुविशारदांची १९७२ च्या अधिनियमाने. उद्यानरचनेस तसे सक्तीचे स्वतंत्र बंधन नसल्याने रोपे विकणारा कोणीही ही उपाधी लावू शकतो. यास्तव त्याचे शिक्षण विचारावे आणि त्याने किमान तीन उन्हाळ्यांपूर्वी केलेले एखादे अंगण मे महिन्यात जाऊन पाहावे. पावसाळ्यात कोणतीही बाग सुंदरच दिसते.

करारात काय असावे

आमच्या अनुभवानुसार चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. पहिली, प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव. केवळ 'अशोक' किंवा 'गुळवेल' एवढे पुरेसे नाही. दुसरी, उन्हाळ्यात बागेस रोज किती लिटर पाणी लागेल याचा आकडा. तिसरी, भिंत, टाकी व मलनिःसारण वाहिनीपासून प्रत्येक मोठ्या झाडाचे अंतर. चौथी, लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करून पुढचा उन्हाळा पार पडेपर्यंत देखभालीची जबाबदारी. दूरच्या दमट प्रदेशात वाढविलेली मोठी रोपे मराठवाड्याच्या पहिल्याच मे महिन्यात माना टाकतात. स्थानिक रोपवाटिकेतील लहान रोप पुष्कळदा त्यांच्या पुढे जाते.

भूखंड लहान असल्यास हे सर्व कशाला, असे कोणी म्हणेल. ३० बाय ४० फुटांच्या भूखंडावर तर चुकीला जागाच नसते. तेथे एकदाच आराखडा करून घ्यावा आणि काम दोन-तीन वर्षांत सवडीने पूर्ण करावे. औषधनिर्मात्या बंधूंस आणखी एक विनंती. अंगणातील वनस्पती ओळखीसाठी व शिक्षणासाठी आहेत असे मानावे. निर्मितीसाठी लागणारे द्रव्य तपासणी व नोंदीच्या नेहमीच्या मार्गानेच यावे.

आमच्या अंगणात आता नव्या आराखड्यानुसार एक सीता अशोक आहे. रचनाकाराने त्यास घराच्या पूर्वेस, दुपारच्या उन्हापासून सुरक्षित अशी ओलसर जागा दिली. आमच्या हाती असते तर आम्ही तो हौसेने दर्शनी उन्हात लावून गमावला असता. त्यास अद्याप फूल आलेले नाही. आसोपालवाची रांग काढून टाकली, पण त्यातील एक झाड फाटकाशी मुद्दाम राखले आहे. दोहोंवर मराठीत पाट्या आहेत आणि फाटकाजवळच्या पाटीवर लिहिले आहे : 'हा औषधी अशोक नव्हे.' प्रतीक्षेत बसलेले रुग्ण ती वाचतात आणि आत येऊन विचारतात.

संघटनेस आमची सूचना एवढीच की, गोदावरी व मांजरा खोऱ्यातील अंगणांस योग्य अशा औषधी वनस्पतींची यादी शास्त्रीय नावांसह तयार करावी. त्यासाठी नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांतील द्रव्यगुण विभागांचे साहाय्य मागावे आणि ती यादी दोन्ही शहरांतील उद्यानरचनाकारांच्या हाती द्यावी. त्यांना आपले ज्ञान हवे आहे आणि आपल्याला त्यांचे. वैद्याच्या दारातील झाड लोक वैद्याचा शब्द म्हणूनच वाचतात. तो शब्द अचूक असावा, ही जबाबदारी अखेर आपलीच आहे.